पहिला पर्याय

२०२३ च्या जुलैत माझ्या मुलाची हवी असलेली इंजिनीअरिंगची सीट मी माझ्या हाताने घालवली. सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, त्याला ९४ च्या आसपास पर्सेंटाइल होते, कागदपत्रं चोख होती, फॉर्म वेळेत भरलेला होता. चूक झाली ती पसंतीक्रमाच्या पहिल्या ओळीत.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. वर्षभर लोकांची रिटर्न्स भरायची, नोटिशींना उत्तरं द्यायची. त्यामुळे सरकारी पोर्टलची मला धास्ती नव्हती, झाली तर जरा घमेंडच होती. आदल्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या छापून घेतल्या, हायलायटरने रंगवल्या, आणि ज्या कॉलेजचा आकडा त्याच्या आकड्याच्या जरा खाली होता ते सगळ्यात वर घातलं. त्याला मनापासून हवं होतं ते कॉलेज आदल्या वर्षी थोडं वर बंद झालं होतं. म्हटलं, पहिला नंबर कशाला वाया घालवा? ते तिसऱ्यावर टाकलं.

पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला. पेढे आणले. रात्री निवांत लॉगिन उघडलं तर सीट आपोआप फ्रीझ झालेली. पहिला पर्याय मिळाला की पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद, हा नियम माहितीपत्रकात होता आणि मी तो वाचलाही होता. म्हणजे डोळ्यांखालून गेला होता. दुसऱ्या फेरीची यादी लागली तेव्हा त्याच्या आवडीच्या कॉलेजात त्याच्या बऱ्याच मागच्या मेरिट नंबरला जागा मिळालेली दिसली. तो "जाऊ दे ना आई" म्हणाला आणि सायकल घेऊन बाहेर गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग वरातीमागून घोडं म्हणतात तसं मी ते वाटप नेमकं चालतं कसं ते समजून घेतलं. संगणक मेरिट लिस्टमधला पहिला मुलगा घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो, जिथे जागा दिसेल तिथे त्याला बसवतो. मग दुसरा, मग तिसरा. तुमची पाळी येते तेव्हा तुमच्या पहिल्या पर्यायात जागा नसेल तर तो दुसरा बघतो, तिथे नसेल तर तिसरा. न मिळणारं कॉलेज वर लिहिलं म्हणून तुमचं काही कापून घेत नाही. आणि एखादं कॉलेज तुम्ही पाचव्यावर लिहिलं, म्हणून ते पहिल्यावर लिहिणाऱ्याला आधी मिळेल, असंही होत नाही. त्याचा मेरिट नंबर तुमच्या मागे असेल तर तो मागेच. एवढी साधी गोष्ट. पण ही शंका विचारली नाही असा पालक मला अजून भेटायचाय.

मी चुकले हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पुढच्या वर्षी लोक माझ्याकडेच यायला लागले. बहुधा म्हणूनच. पुण्यात धायरीच्या आमच्या घरात रविवारी दहा ते बारा डायनिंग टेबलवर हे चालतं. पैसे घेत नाही. अट एकच, मुलाला किंवा मुलीला बरोबर आणायचं. नुसते आईवडील आले तर चहा देते आणि पुढच्या रविवारी बोलावते. कटऑफचे तक्ते आता मुलगाच करून देतो. त्याची फी एक मिसळ, तीही बाहेरची.

येणारे बहुतेक सीईटीवाले. कॉमर्सची मंडळी कमी, त्यांना वाटतं त्यांचं काही ठरवायचं नसतंच. दहावीनंतरच्या अकरावीचेही काही येतात, पण त्यांचा प्रश्न प्रवेशाचा कमी आणि क्लासचा जास्त असतो: इंटिग्रेटेड घ्यायचं का? म्हणजे नाव एका कॉलेजात, हजेरी क्लासमध्ये, आणि फी लाखांत. माझं मत विचाराल तर ज्या कॉलेजची पायरी मुलाने दोन वर्षांत चार वेळा चढायची, त्याला कॉलेज म्हणू नये. पण असं म्हटलं की समोरचे आईवडील एकमेकांकडे बघतात, आणि मला कळतं की पहिला हप्ता भरून झालाय.

सगळ्यात जास्त दिवस जिच्याबरोबर घालवले ती आमच्या वायरमनची मुलगी. २०२४ च्या जानेवारीत ते आमचा स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करायला आले होते. स्टुलावर उभ्या उभ्याच म्हणाले, "ताई, पोरगी अकरावी सायन्सला आहे. कुठला क्लास लावू?"

मी विचारलं, "कास्ट व्हॅलिडिटी काढलीय?"

"कास्टचं सर्टिफिकेट आहे की. ओबीसी."

ही गल्लत कायमची. जातीचा दाखला वेगळा आणि त्याची पडताळणी वेगळी. दाखला प्रांत ऑफिसातून मिळतो. पडताळणी समिती तुमच्या वाडवडिलांचे कागद मागते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजचं पत्र जोडून करायचा असतो. बारावीच्या निकालानंतर धावणाऱ्यांच्या हातात फक्त अर्जाची पोचपावती असते. तिच्यावर फॉर्म पुढे सरकतो खरा, पण मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर मूल खुल्या प्रवर्गात जातं. मग हातात आलेली सीटही जाते.

ते पुरंदर तालुक्यातले. रजा टाकून गावी गेले, वडिलांच्या प्राथमिक शाळेत. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. त्याचा फोटो त्यांनी मला फोनवर पाठवला: कडा कुरतडलेलं पान, निळी शाई तपकिरी पडलेली, मुलीच्या आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात, जन्मतारखेच्या रकान्यात वेगळ्या हस्ताक्षरात खाडाखोड. आडनावाचा पत्ताच नाही. त्या काळी गावात आडनाव लिहायची गरज कुणाला वाटली नसणार. सगळे सगळ्यांना ओळखत होते. पण समितीत कुणी कुणाला ओळखत नाही. त्रुटी निघाली, प्रतिज्ञापत्र झालं, वंशावळ झाली, चुलत भावाचा कागद जोडला. प्रमाणपत्र हातात यायला दिवाळी उलटली.

तोवर दुसरं एक सापडलं. त्यांच्याकडे नॉन-क्रीमीलेअरचं, म्हणजे उत्पन्न मर्यादेत असल्याचं, प्रमाणपत्रही होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यावर 'वैध ३१ मार्च २०२५ पर्यंत'. प्रवेश होणार त्यानंतर, जून-जुलैत. म्हणजे ते प्रवेशाच्या कामाचं नाही, नव्याने काढायचं. ते म्हणाले, "एवढं लॅमिनेशन केलं होतं." लॅमिनेशनही करू नये खरं तर, पण तेव्हा बोलवेना.

मुलगी अबोल. मला काकू म्हणायची आणि प्रश्नाला मान हलवून उत्तर द्यायची. तिच्याशी पहिलं धड बोलणं झालं ते सराव परीक्षेच्या कागदावर. क्लासमधल्या चाचण्या जेईईच्या पद्धतीच्या, चुकलं की गुण कापणाऱ्या. त्यामुळे सीईटीच्या सराव पेपरातही तिने एकोणीस प्रश्न सोडून दिले होते. मी म्हटलं, "इथे कापत नाहीत गं. कोरे का ठेवलेस?" ती म्हणाली, "सवय झाली." पीसीएमची सीईटी दोनशे गुणांची: फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे पन्नास दोन-दोन गुणांचे. चुकीला दंड नाही. आणि राज्यात इंजिनीअरिंगचं मेरिट ह्या सीईटीवरच लागतं. बारावीचे पीसीएमचे गुण फक्त पात्रतेपुरते, खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीवला ४०. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही, एवढी एकच गोष्ट मी तिला शिकवली. बाकी अभ्यास तिचा. हो, आणि अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नकोस म्हटलं, कारण साधारण वीस टक्के प्रश्न तिथले असतात.

मध्यंतरी वडिलांच्या डोक्यात मॅनेजमेंट कोट्याचं खूळ शिरलं. मेव्हण्याची एका कॉलेजात ओळख होती. मी कॅल्क्युलेटर काढला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) गटांतल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा. मॅनेजमेंटच्या सीटला ती माफी नाही. म्हणजे ओळखीने घेतलेली सीट त्यांना चार वर्षांच्या फीला पडली असती. त्यांनी आकडा बघितला, चहा संपवला, मेव्हण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

२०२५ च्या जूनमध्ये निकाल लागला. पंचाण्णवच्या वर, आणि दशांश चिन्हापुढे सात आकडे. तिच्या आईने विचारलं, "एवढे मागचे आकडे कशाला?" रास्त प्रश्न. लाखो मुलं असली की मागच्या आकड्यांतही शेकडो जण दाटीवाटीने उभे असतात. तिच्या आत्याने फोनवर "पंच्याण्णव टक्के!" असं ऐकून सगळ्या भावकीत सांगितलं. टक्के नव्हेत ते. त्या सत्रात बसलेल्या मुलांपैकी शेकडा किती जण तिच्याइतके किंवा तिच्या मागे, एवढंच ते सांगतात. पण आत्याला कोण समजावणार.

त्याच सुमारास माझा साताऱ्याचा भाचाही येऊन बसला होता. "मावशी, पुण्यातलं अमुक कॉलेज मला नक्की लागतंय." तक्ता बघितला तर तो होम युनिव्हर्सिटीचा रकाना वाचत होता. बारावी साताऱ्यात झालेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी शिवाजी विद्यापीठ, पुण्याची नव्हे. तक्त्यात जी-ओपन-एच असे जागांचे कोड असतात. त्यातला शेवटचा एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीला जी ऐवजी एल असेल तर ती मुलींची जागा. त्याने ओ चा रकाना वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. पण यादी भरायच्या आधी उतरला, ते बरं.

आता पसंतीक्रम. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि फ्रीझचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर सीट पक्की, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही; चौथीत जे मिळेल ते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पहिल्या सहांत असं एकही नाव नको की जे लागल्यावर तोंड वाकडं होईल. भीतीने लिहायची ती नावं खाली, तळाला. तिथे खुशाल पंधरा-वीस लिहा. वर फक्त आवड.

पण आवड कोणाची? वडील टेबलाशी बसले की मुलगी त्यांच्याकडे बघून मान हलवायची. ते सगळीकडे कॉम्प्युटर म्हणत होते. शेवटी मी त्यांना म्हटलं, "दादा, आमच्या गीझरला शॉक मारतोय, जरा बघता?" गीझरला काही झालेलं नव्हतं. ते आत गेले. मी ऑफिसातल्या जुन्या पाकिटांच्या पाठी कापून केलेल्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. एकेका चिठ्ठीवर एक कॉलेज आणि एक शाखा, अशा पस्तीसेक. म्हटलं, "तुला हव्या तशा लाव. आकडे बघू नकोस."

आधी तिने कॉलेजांप्रमाणे गठ्ठे केले. मग ते मोडले. मग बराच वेळ नुसती बघत बसली. आणि मग भराभर इलेक्ट्रिकलच्या चिठ्ठ्या ओढून सगळ्यात वर लावल्या. सर्वांत वर पुण्यातल्या सीओईपी ह्या इंजिनीअरिंग कॉलेजचं इलेक्ट्रिकल.

वडील हात पुसत बाहेर आले, "गीझर ओके आहे ताई," म्हणाले आणि टेबल बघून गप्प झाले. मग म्हणाले, "मी जन्मभर वायरी ओढल्या. पोरीनेपण तेच?"

"बाबा, ते वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

तिने ते सांगितलं. ट्रान्समिशन, मोटर कंट्रोल, गाड्यांच्या बॅटऱ्या. मला निम्मं कळलं नाही. दहा मिनिटं ती बोलत होती आणि तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला दीड वर्षानंतर कळत होतं. वडिलांनी मध्येच एकदा तिला थांबवून अर्थिंगबद्दल काहीतरी दुरुस्त केलं. तिने ते मान्य केलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सीओईपीत मी काम केलंय. रेगाटाच्या लायटिंगला, नदीवर." ते लागणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. पहिल्यावर ठेवलं.

तरी तडजोड झालीच. सातव्यापासून पुढे कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकल आलटून पालटून. पहिल्या सहांमधल्या प्रत्येक कॉलेजला मी तिला सकाळी बसने जाऊन यायला लावलं. सिंहगड रोडवरचा सकाळचा ट्रॅफिक हा शिक्षणाचा भाग धरावाच लागतो. ती वहीत वेळा लिहून आली. एका कॉलेजला जाताना दोन बस आणि एक तास वीस मिनिटं; त्याला तिने तिसऱ्यावरून पाचव्यावर ढकललं. हा निर्णय कटऑफच्या कुठल्याच तक्त्यातून निघाला नसता.

कागदांची ई-स्क्रूटिनी, म्हणजे ऑनलाइन तपासणी, एकदा परत आली, कारण दाखल्याच्या फोटोत तिच्या धाकट्या भावाचा अंगठा आला होता. बाकी ठीक.

पहिल्या फेरीत अकरावा पर्याय लागला, कॉम्प्युटर. वडील लगेच म्हणाले, "घेऊन टाकू." बेटरमेंट म्हटलं की लोकांना वाटतं हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायचं. तसं नाही. एक हजार रुपये भरून सीट स्वीकारायची आणि बेटरमेंट घ्यायची. वरचा पर्याय लागला तर ही सीट सुटते, नाही लागला तर हीच हातात राहते. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा मुलीने सांगितलं, तेव्हा पटलं. दुसऱ्या फेरीत सातवा, पुन्हा कॉम्प्युटर. त्या रात्री त्यांचा दहा वाजता फोन आला, "ताई, आता तरी?" मी म्हटलं, "तिला विचारा." मागून तिचा आवाज ऐकू आला, "नाही."

तिसऱ्या फेरीत चौथा पर्याय लागला. इलेक्ट्रिकल, पुण्यातच, एक बस. स्क्रीनवर परत तोच शब्द, फ्रीझ. माझा हात उगाचच माउसवर घट्ट झाला.

सगळेच असे येत नाहीत. गेल्या वर्षी एक मुलगा दोन रविवार आला. वडील इंजिनीअर, यादी घरूनच टाइप करून आणलेली. चिठ्ठ्या लाव म्हटलं तर त्याने वडिलांच्या यादीप्रमाणे बिनचूक लावल्या, एकही इकडची तिकडे नाही. निघताना चपला घालता घालता हळूच विचारलं, "काकू, बीए इकॉनॉमिक्सला कुठे अर्ज करायचा असतो?" मी फर्ग्युसन, एसपी अशी नावं सांगितली, तारखा बघून ठेव म्हटलं. तिसऱ्या रविवारी ते आले नाहीत. त्यांना फोन करावा की नाही हे मला ठरवता आलं नाही, आणि मग तारखाही उलटून गेल्या.

आता परवा खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या, नववीतल्या मुलाला घेऊन. हातात क्लासचं गुळगुळीत माहितीपत्रक. "आत्तापासूनच प्लॅनिंग करावं म्हटलं."

"उत्तम," म्हटलं. "आधी त्याचा जन्मदाखला आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव दाखवा."

त्यांनी फोनमध्ये शोधून दोन्ही दाखवले, आधार कार्डंही. जन्मदाखल्यावर आईचं एक नाव, शाळेत दुसरं, आईच्या आधारवर तिसरं. वर मुलाच्या आधारवर वडिलांच्या नावात एक काना जास्त. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी हे शाळेतच दुरुस्त करून घ्यावं लागतं, नंतर बोर्डाचे खेटे. मी सोमवारी शाळेत काय काय घेऊन जायचं ते कागदावर लिहून दिलं. वहिनी माहितीपत्रक पुढे करून म्हणाल्या, "आणि हे?"

मुलगा तोवर ड्रॉवरमधल्या चिठ्ठ्या काढून वाचत बसला होता. "ह्यातल्या काही माझ्या आहेत का?" त्याने विचारलं.

"कोऱ्या आहेत त्या तुझ्या," मी म्हटलं आणि वहिनींना बर्थ सर्टिफिकेटचा अर्ज शोधून देऊ लागले.